ढिगाच्या पोटातली माती

जयवंताच्या वहीत लाल फुली होती, आणि खरं म्हणजे ती मला मिळालेली होती. अक्षर तिचं, आकृती तिची, उत्तर माझं. १९८१चा फेब्रुवारी, शनिवारची सकाळची शाळा सुटलेली, आणि मी ऑफिसातून येऊन नागपुरातल्या रविनगरच्या क्वार्टरमध्ये नुकताच पेपर उघडला होता. तिनं वही त्या पेपरवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं चुकलं." चुकलं हा शब्द आमच्या घरात मी वापरतो, माझ्याविषयी कोणी वापरत नाही, त्यामुळे तो कळायला मला जरा वेळच लागला. जयवंता दहावीत. माझ्या आईचं नाव तिला ठेवलंय आणि आईसारखीच ती वाईट बातमी अगदी सपाट आवाजात सांगते. बाईंनी विचारलं, हे कोणी सांगितलं? ती म्हणाली, बाबांनी. बाबा काय करतात? इंजिनिअर आहेत. त्यावर सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा थोड्या हसल्या. "मीही हसली," जयवंता म्हणाली, "नाहीतर बरं दिसलं नसतं." आतून प्रेमलता म्हणाली, "चुकलं तर चुकलं, चहा घ्या आधी." बायको म्हणून तिचा हा गुण मला आवडतो, की माझ्या चुकांचं तिला काही विशेष वाटत नाही. मी म्हणालो, पुस्तकातलं उत्तर छापताना चुकलं असेल. हे वाक्य मी इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच बरं वाटलं.

गणित असं होतं: माथा कापलेला एक पिरॅमिड, तळाची बाजू दहा, माथ्याची चार, उंची सहा, तर घनफळ किती? मी आदल्या रात्री जेवता जेवता सांगितलं होतं, तीनशे अठ्ठेचाळीस. कागदसुद्धा घेतला नव्हता. खालचं क्षेत्रफळ शंभर, वरचं सोळा, दोन्हींची बेरीज करून अर्ध, अठ्ठावन्न, गुणिले उंची. पुस्तकात होतं तीनशे बारा. माझी ही रीत मला बाबारावांनी शिकवली होती. बाबाराव आमच्या खात्यातले जुने ओव्हरसियर. मी बासष्ट साली डिप्लोमा घेऊन लागलो तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते, आणि कॉलेजातून आलेल्या पोरांकडे ते ओल्या सिमेंटकडे पाहावं तसे पाहायचे. "ते सूत्रंबित्रं ठेव तिकडे," ते म्हणाले होते. "खाली किती, वर किती, बेरीज कर, अर्ध कर, उंचीनं गुण. उन्हात उभं राहून याच्यापेक्षा जास्त गणित माणसाच्यानं होत नाही. कोणी विचारलं तर माझं नाव सांग." एकोणीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते सरळ दहावीच्या वर्गात, आणि बाबारावांचं नाव सांगायला ते आता हयात नव्हते.

चहा झाल्यावर मी ते पान वहीतून फाडून घेतलं आणि टेबलाशी बसलो. पुस्तकाची चूक काढायला बसलो होतो, हे इथं कबूल करतो. विचार केला, माथा लहान लहान करत नेला तर? चाराचा दोन, दोनाचा एक, आणि शेवटी काहीच नाही, नुसतं टोक. म्हणजे पुरा पिरॅमिड. माझ्या रीतीनं त्याचं घनफळ येतं तळ गुणिले उंचीच्या निम्मं. पण पुऱ्या पिरॅमिडचं घनफळ तिसरा हिस्सा असतं, हे तर मला सावनेरच्या शाळेपासून पाठ होतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन इतकं पाठ. म्हणजे टोक शाबूत असलं की मी तिसरा हिस्सा धरणार, आणि टोकावरून बोटभर कापलं की एकदम अर्ध. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकोणीस वर्षं शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची कधी ओळख झाली नव्हती. खरी रीत पुस्तकात होती: खालचं क्षेत्रफळ, वरचं क्षेत्रफळ, आणि खालची बाजू गुणिले वरची बाजू, या तिन्हींची बेरीज, गुणिले उंची, भागिले तीन. मी एक एक करून ताडून पाहिलं. ढीग लांब आणि बुटका असेल, वरचा माथा तळाएवढाच जवळजवळ, तर बाबारावांची रीत आणि पुस्तकाची रीत यांत नखाएवढा फरक. म्हणूनच ती चालली. माथा जितका निमुळता तितकी ती जास्त खोटं बोलते. आणि मग मी न बोलावता तीन आकडे येऊन माझ्यासमोर उभे राहिले. पंधरा, तीन, चार. पंधरा फूट तळ, तीन फूट माथा, चार फूट उंची. माणसांची तोंडं मी विसरतो, मापं विसरत नाही. बाबारावांच्या रीतीनं चारशे अडुसष्ट घनफूट. पुस्तकाच्या रीतीनं तीनशे बहात्तर. मी त्याच पानाच्या पाठीमागे वजाबाकी केली, शहाण्णव. शहाण्णवला बारानं भागलं, आठ. बारा घनफुटांची आमची मापाची पेटी असायची. आठ पेट्या. त्या आठाला मी चांगला ओळखत होतो.

चौसष्ट साली सावनेर रोडच्या कामावर होतो. रस्त्यापासून आत एक खदान होती, काळ्या दगडाची, तिथं चाळीसएक माणसं हातानं गिट्टी फोडायची. बाया जास्त. फोडलेल्या गिट्टीचे ढीग रचायचे, मी टेप लावून मापायचे, मापाच्या पुस्तकात लिहायचे, त्या मापावर मजुरी, मग ट्रक येऊन उचलून न्यायचे. मुकादम होता नत्थू, तो सगळ्यांना सांगायचा, लांबट रचा, सपाट रचा. रुखमाबाई ऐकायची नाही. तिचा नवरा देवाजी आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता, ती एकटी फोडायची आणि एकटी रचायची, आणि ती ढीग रचायची खळ्यावरच्या राशीसारखा. मधोमध टोपलं पालथं करायचं, पुन्हा मधोमध, पुन्हा मधोमध, गिट्टी आपली आपण चारी अंगांनी घरंगळत यायची, मग कडा ठोकून चौकोनी करायच्या आणि टोकावर उभं राहून माथा पायानं सपाट करायचा. लहानपणी ज्वारीची रास तिनं तशी पाहिली होती, आणि तिच्या मते ढीग म्हणजे हाच. तिच्या ढिगाभोवती फिरताना मला मौज वाटायची. बाकीचे ढीग आडवे पडलेले, हिचा उभा. मी मापला, उन्हात उभं राहून हिशेब केला आणि नत्थूला मोठ्यानं सांगितलं, "एकोणचाळीस पेट्या." ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलायला लागली. "साहेब, येवढा..." इतकं मी ऐकलं. मापाच्या दिवशी मागे येऊन उभं राहिलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं: कमी धरलं, पुन्हा मापा. रोज दहा जण म्हणायचे. मी टेप गुंडाळत होतो. मान वर न करता म्हणालो, "बाई, माप मी जाणतो." मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यावर नवी सोला हॅट होती.

रस्त्यावर तो ढीग उतरवून पेटीनं मोजला तेव्हा एकतीस पेट्या भरल्या. माझ्या वरच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "आठ पेट्या कुठे गेल्या, ओव्हरसियर?" त्यांच्या टेबलावर संत्र्याच्या फोडी होत्या, ते एक एक सोलून खात होते आणि बिया कागदावर ओळीनं मांडत होते. मग त्यांनीच मला वाट दाखवली. "ढिगाच्या पोटात माती असेल. खाली मातीचा उंचवटा करतात आणि वरून गिट्टी टाकतात. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला काय माहीत." खोटं नव्हतं ते, महिन्यापूर्वीच दुसऱ्या टोळीत तसा ढीग सापडला होता. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, सहजच, बी कागदावर ठेवता ठेवता: "की तुमचं माप चुकलं?" मी म्हणालो, नाही. हे एकच वाक्य त्या सगळ्या प्रकरणात मी विचार न करता बोललो. बाकी सगळं विचार करून झालं. दुसऱ्या दिवशी मी खदानीवर गेलो, ढिगाची जागा पाहिली, नत्थूला विचारलं, माती होती का? तो म्हणाला, "असंल ना साहेब." आणि मग नत्थूनंच काढलं की बाईनं बेलभंडार उचलावा, सगळ्यांसमोर, म्हणजे प्रश्न मिटला. खदानीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड होता, सुरुंग लावायच्या आधी त्याला नारळ फोडायचे. सगळे जमले. रुखमाबाई त्या दगडापासून चार हातांवर उभी राहिली आणि म्हणाली, "मी ते उचलत नाही. आमी छप्पन साली दीक्षा घेतली, नागपुरात, मी न् देवाजीनं. देवाच्या शपथा सोडल्या आमी. माह्यावाल्या ढिगात माती नाही, हे मी तोंडानं सांगून राहिली. तोंडावर भरोसा नसंल तर राहू द्या." लोक एकमेकांकडे पाहायला लागले. उचलत नाही म्हणजे काय ते त्यांच्या हिशेबी उघड होतं. माझ्याही. मी पुस्तकात शेरा लिहिला, "ढिगाच्या पोटात माती आढळली." कोणाला आढळली हे लिहायची पद्धत नसते. खाली सही केली, नत्थूचा अंगठा घेतला. रुखमाबाईला कामावरून काढलं, आणि त्या भागात कोणत्याच खदानीवर मग तिला घेतलं नाही, असं पुढे कधीतरी कानावर आलं. मी तेव्हा काटोलकडच्या कामावर बदलून गेलो होतो.

इथपर्यंत सगळं नीट लागत होतं, आकड्यांसकट. अडचण वेगळीच होती. अडचण ही की मला ती माती दिसत होती. मी टेबलाशी बसून होतो, बाहेर क्वार्टरच्या पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, आणि मला स्पष्ट दिसत होता तो पिवळट मातीचा उंचवटा, गुडघ्याइतका, त्यावर गिट्टीचे बारीक तुकडे रुतलेले, एका बाजूला टोपल्याच्या काठाची खूण. सतरा वर्षं मी ही माती पाहत आलो होतो. एकदोनदा नव्या पोरांना सांगितलीही होती, शिकवणीसारखी: "खदानीत एकदा असा उंचवटा पाहिलाय मी, म्हणून सांगतो, ढिगात पहार खुपसल्याशिवाय सही करायची नाही." सांगताना हातानं गुडघ्यापर्यंत दाखवायचो. आता पानाच्या पाठीमागे लिहिलं होतं, एकतीस पेट्या. ढीग एकतीस पेट्यांचा आणि भरल्याही एकतीसच, तर मातीला त्यात जागाच नव्हती. एक टोपलंभरसुद्धा नाही. मग मी काय पाहिलं? मी गेलो त्याआधी ट्रक येऊन गेले होते, त्या जागेवर चाकांच्या चाकोऱ्या असणार, गिट्टीचा चुरा असणार, आणि बाकी जमीन. मी डोळे मिटून जमीन आठवायचा प्रयत्न केला. जमीन येईना, माती येई. पुन्हा मिटले, पुन्हा माती, तीच, टोपल्याच्या खुणेसकट. गणितानं सांगितलं की माती असलीच पाहिजे, म्हणून मी ती पाहिली. आणि आता गणित सांगतंय नव्हती, तर ती जायला तयार नाही. मला भीती वाटली, ती बाईबद्दल नव्हे, आपल्या डोळ्यांबद्दल. या डोळ्यांनी पाहिलेलं आणखी काय काय मी लिहून सही केलंय?

आठवडा तसाच गेला. ऑफिसात फायली येत होत्या, मी शेरे मारत होतो, फक्त "आढळलं" हा शब्द आला की पेन थांबायचं. जुनी मापाची पुस्तकं सतरा वर्षं कोणी ठेवत नाही, तरी मी रेकॉर्डच्या खोलीत एक चक्कर मारून आलो. तिथं धूळ होती आणि शिपाई झोपला होता. घरी प्रेमलता म्हणाली, "पोरीच्या एका गणितासाठी इतकं मनाला लावून घेतात का?" मी तिला सांगितलं, सगळं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ती बाई असेल का अजून?" मी म्हणालो, काय माहीत. "मग माहीत करून घ्या ना," ती म्हणाली, आणि खडा उचलून बाजूला टाकला. मला राग आला. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी आठ दिवस घालवले होते.

नत्थू सापडायला सोपा होता, त्याचा पत्ता पेन्शनच्या फायलीत मिळाला. सावनेरला एसटी स्टँडमागे राहत होता, एका डोळ्यात मोतीबिंदू, अंगात जुन्या कोळसा खाणीवरचा कोणाचा तरी कोट. त्यानं मला ओळखलं आणि बाजेवर जागा करून दिली. मी सरळ विचारलं, त्या दिवशी ढिगाखाली त्यानं माती पाहिली होती का? त्यानं आधी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"आता खरं सांगू का साहेब? मी काही पाह्यलं नाही. तुमी इचारलं माती होती का, म्हनून मले वाटलं तुमी पाह्यली असंल."

"आणि मला वाटलं तू पाहिली."

"मंग कोनंच नाही पाह्यली?"

"नाही."

"अरे बाप रे," नत्थू म्हणाला, आणि हसला. मग हसू आवरून म्हणाला, "ते रुखमाबाई इतवारीत आहे. धान्याच्या बाजारात. सांडलेलं धान्य झाडून चाळाचं काम करते. माह्या सुनेले भेटली होती मांगं. मातीवाली म्हनलं का कोनीही सांगंल." शेवटचं वाक्य तो कसलाही खोचकपणा न ठेवता बोलला. ते तिचं नाव झालं होतं.

मी रजा टाकली आणि सोमवारी इतवारीत गेलो. दुपारचे बारा वाजत आले होते, हमाल पोती उतरवत होते, हवेत डाळीची आणि तागाची धूळ. येताना मनात एक वाक्य जुळवलं होतं, चांगलं लांब, त्यात बाबाराव होते, रीत होती, सतरा वर्षं होती. मातीवाली कुठे बसते असं विचारायला लागू नये म्हणून मी अर्धा तास स्वतःच शोधत फिरलो. एका गोदामाच्या ओट्याखाली चारपाच बाया चाळणी आणि सूप घेऊन बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर चाळलेल्या तुरीचा छोटा ढीग होता, आणि त्यातला एकच ढीग उभा होता, चारी बाजूंनी ठोकून, माथा हातानं सपाट केलेला. त्यावरून मी तिला ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखलं नसतं.

"रुखमाबाई?"

"कोन?"

"मी लांजेवार. सावनेर रोडच्या खदानीवर ओव्हरसियर होतो."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "टोपीवाले साहेब," ती म्हणाली. "केस गेले तुमचे."

"तुमच्या ढिगात माती नव्हती," मी म्हणालो. लांब वाक्यातलं एवढंच तोंडातून आलं.

"मले माहीत आहे ना जी. ढीग मीच रचला होता. मले काहून सांगून राहिले?"

शेजारच्या बाईनं चाळणी थांबवली. "कोन आहे वं रुखमे?" "कोनी नाही इंदे, तू चाळ," रुखमाबाई म्हणाली. मी ओट्याच्या कडेवर बसलो, कारण उभं राहून बोलणं मला जमेना. सांगितलं की माझी मोजायची रीत चुकीची होती, लांबट ढिगाला चालायची, तुमच्या ढिगाला चालत नव्हती, तुमचा ढीग मुळात एकतीस पेट्यांचाच होता, मी एकोणचाळीस लिहिला. खिशातला कागद काढून मांडीवर उलगडला, आकडे दाखवले, जणू ती ताडून पाहणार होती. ती आकड्यांकडे पाहत नव्हती.

"एकतीस," ती म्हणाली. "मंग मी तवा काय म्हनलं होतं तुमाले?"

मी कागदावरून मान वर केली.

"तुमी टेप गुंडाळून राहिले होते. मी मांगं उभी होती. म्हनलं, साहेब, येवढा नाही भरनार हा. टोपल्यायनं मोजून टाकला होता मी, माह्या हिशेबानं एकतीस, लय तर बत्तीस होतीन. एकोनचाळीस काहून लिहिता? अर्धं बोलनं बी होऊ नाही देल्लं तुमी. म्हनले, बाई, माप मी जाणतो."

म्हणजे ती जास्त मागायला आली नव्हती. कमी करा म्हणायला आली होती. माझ्या सबंध नोकरीत मागे येऊन उभं राहिलेलं ते एकच माणूस, जे स्वतःचं माप कमी करायला सांगत होतं, आणि मी मान वर केली नव्हती. गणित चुकलं हे मी सतरा वर्षांनी शोधून काढलं म्हणून आठवडाभर जे थोडंसं बरं वाटत होतं, कारण तसं आत कुठेतरी बरं वाटतच होतं, ते तिथल्या तिथं संपलं. तिनं ते मला त्याच दिवशी, त्याच उन्हात, फुकट सांगितलं होतं. मला लाज वाटली. इतकी, की माझे हात मांडीवरून कुठे ठेवावेत ते कळेना.

"एक सांगा," ती म्हणाली. "माती तुमी पाह्यली होती का? तुमच्या डोयानं?"

ती माझ्यासमोर होती, पिवळट, गुडघ्याइतकी, टोपल्याच्या काठाची खूण असलेली. अजूनही होती. "नाही," मी म्हणालो.

"मंग लिहून द्या."

"आता लिहून कोणाला दाखवणार? त्यातलं कोणी..."

"तवा लिहूनच देल्लं होतं ना? तवा कोनाले दाखवलं ते माहीत आहे का तुमाले? माह्या पोरीच्या सोयरिकीत निंगाली साहेब ते माती. पसंती झाली होती, कुंकू-हळद काही नाही आमच्यात, साधं फूल-हार करून बोलनं पक्कं होनार होतं. त्यायच्यातला एक म्हातारा खदानीवरचा निंगाला. म्हने, हे त्या मातीवालीची पोरगी का? उठून गेले चहा ठेवून. पोरगी दोन वर्सं माह्याशी बोलली नाही. तिले बी वाटे, असंल माती. लिहा."

माझ्याजवळ तोच कागद होता. एका बाजूला जयवंताचं गणित आणि लाल फुली, दुसऱ्या बाजूला पंधरा, तीन, चार. खाली जागा होती. मी लिहिलं: रुखमाबाई देवाजी यांच्या गिट्टीच्या ढिगात माती नव्हती. माती असल्याचा शेरा मी न पाहता लिहिला. त्यांचा ढीग एकतीस पेट्यांचा होता व तसे त्यांनी मला माप घेतले त्याच दिवशी सांगितले होते. सही केली, तारीख टाकली. हातात पेन आल्यावर अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचं मला वाईट वाटलं.

"वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. "मोठ्यानं. इंदे, थांबव वं चाळनी. आइका सगळ्या." मी उभा राहून वाचलं. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल वाट मोकळी व्हायची वाट पाहत थांबला आणि "सरका ना जी" म्हणाला. मी सरकून पुढे वाचलं. वाचून झाल्यावर इंदूबाई म्हणाली, "हे तर आमाले आदीच माहीत होतं वं, तूच सांगतली होती." रुखमाबाई म्हणाली, "मी सांगतली होती. यायनं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचलं. या वेळी ती ऐकत नव्हती असं वाटलं, गोदामाच्या दाराकडे पाहत होती, ओठ मात्र माझ्याबरोबर हलत होते. पाठ करत होती. मग कागद घेऊन तिनं त्याच्या चार घड्या केल्या आणि कमरेच्या पिशवीत खोलवर ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं. "जा आता," ती म्हणाली, "ऊन वाढून राहिलं," आणि सूप उचललं.

संध्याकाळी जयवंता विचारायला आली, "बाबा, माझं पान कुठे आहे? बाईंनी दुरुस्ती करून त्याच पानावर आणायला सांगितलीय." मी म्हणालो, दिलं. कोणाला? ज्यांचं होतं त्यांना. तिनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली, म्हणजे जाऊ दे. मग ती नवीन पान घेऊन माझ्यासमोर बसली. आधी पुस्तकातलं केलं, तीनशे बारा, बरोबर. म्हणाली, सरावाला आणखी एक द्या. मी म्हणालो, तळ पंधरा, माथा तीन, उंची चार. मी डोळे मिटून बसलो आणि तिच्या पेन्सिलीचा आवाज ऐकत राहिलो. तिनं तळ काढला, माथा काढला, चारी कडा जोडल्या. ढीग पुरा झाला असेल, मग पेन्सिल थांबली.

"बाबा, खालची जमीन सपाटच धरायची ना?"

माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे ती पिवळी माती होती. मी डोळे उघडले.

"हो," मी म्हणालो. "सपाटच होती."